सरकारी ऑफिसात विधी अधिकारी: माहिती द्यायची का झाकायची? (आरटीआय, खासगीपणा, पुणे)

शनवारकरीण

नमस्कार मंडळी. मी पुण्यातल्या एका सरकारी कार्यालयात विधी अधिकारी आहे, कार्यालयाचं नाव लिहीत नाही. कोर्टातले दावे असतातच, पण माझ्या टेबलावरचं बरंचसं काम माहिती अधिकाराचं असतं, म्हणजे जन माहिती अधिकाऱ्यांना (म्हणजे अर्जांना उत्तर देणाऱ्यांना) अभिप्राय देणं, पहिल्या अपिलाचे आदेश सही व्हायच्या आधी वाचणं, राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठापुढच्या दुसऱ्या अपिलांचे खुलासे तयार करणं, आणि एखादं प्रकरण रिटमध्ये (हायकोर्टातल्या याचिकेत) गेलं तर हायकोर्टातल्या सरकारी वकिलांना ब्रीफ करायला मुंबईला जाणं. (कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच सुरू झालं पण पुणे जिल्हा त्यात नाही, त्यामुळे आपली सकाळची सिंहगड नाहीतर डेक्कन क्वीन चालूच.)

धागा काढायचं कारण असं की नोव्हेंबर २०२५ मध्ये डेटा संरक्षण कायद्याचं (२०२३ च्या) कलम ४४(३) लागू झालं आणि त्याने माहिती अधिकार कायद्याचं ८(१)(जे), म्हणजे वैयक्तिक माहिती रोखायचं कलम, बदलून टाकलं. आधी त्यात अटी होत्या. ज्या माहितीचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नाही, किंवा जी दिल्याने कुणाच्या खासगीपणावर विनाकारण आक्रमण होईल, तेवढीच वैयक्तिक माहिती रोखता यायची, आणि त्यातही व्यापक जनहित असेल तर द्यावीच लागायची. शिवाय संसदेला किंवा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती कुठल्याही माणसाला नाकारायची नाही असं परंतुक (कलमाला जोडलेली अट) होतं. आता सगळं जाऊन एका ओळीवर आलंय, वैयक्तिक माहितीशी संबंधित असलेली माहिती, बस्स.

तेव्हापासून रोज कुणी ना कुणी नस्ती (फाईल) घेऊन येतं, "मॅडम ह्यात नावं आहेत, म्हणजे वैयक्तिकच की, नाकारून टाकू ना?" आता सरकारी कागदावर नाव नाही असा कागद सापडणार कुठे? प्रत्येक टिपणीखाली सही असते, प्रत्येक बिलावर नाव असतं. त्यामुळे मला इथे ठासून सांगायचंय, विशेषतः ह्या कामात येऊ पाहणाऱ्या नव्या वकिलांना, की आपला अशील तो समोर बसलेला अधिकारी नसतो. आपला अशील म्हणजे सार्वजनिक प्राधिकरण, आणि कलम ८(२) त्या प्राधिकरणासाठीच लिहिलंय आणि ते जसंच्या तसं शाबूत आहे: माहिती दिल्याने साधणारं जनहित जर होणाऱ्या नुकसानापेक्षा जास्त असेल तर अपवादात बसणारी माहितीसुद्धा देता येते. ८(१)(जे) मधली तराजू काढून घेतली म्हणून तोलायचं काम संपलेलं नाही, ते आता ८(२) मध्ये करायचंय आणि अभिप्रायात लेखी करायचंय.

प्रश्न असतील तर विचारा, जमेल तसं लिहीन.

नव_सनद

ताई खूप छान विषय. मी आत्ताच सनद घेतलीये, शिवाजीनगर कोर्टात एका सरांकडे ज्युनियर आहे. ह्या कामात नेमकं दिवसभर काय करायचं असतं? मला वाटायचं आरटीआय म्हणजे क्लार्क लोक उत्तरं लिहितात, त्यात वकील कशाला.

शनवारकरीण

नव_सनद, नव्वद टक्के अर्जांना वकील लागत नाही हे खरंय, आणि लागूही नये. कागद काढायचा, दोन रुपये पानाप्रमाणे शुल्क कळवायचं, द्यायचा. माझ्याकडे येतात ते अडलेले.

सकाळी पहिलं बघायचं ते तारखा. अर्ज आपल्या विषयाचा नसेल तर ६(३) खाली ५ दिवसांत दुसऱ्या कार्यालयाकडे पाठवायचा, उत्तर ३० दिवसांत, जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. त्रयस्थाने गोपनीय म्हणून दिलेली माहिती देणार असाल तर कलम ११ ची नोटीस ५ दिवसांत काढायची, त्याला म्हणणं मांडायला १० दिवस. मुदत टळली तर माहिती फुकट द्यावी लागते आणि आयोगाने शास्ती (दंड) लावली तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००, तीही अधिकाऱ्याच्या खिशातून. म्हणून बिचारे घाबरलेले असतात. त्यात माहिती ज्या शाखेकडे आहे ती शाखा फाईलच देत नाही, मग मी माहिती अधिकाऱ्याला सांगते की ५(४) खाली लेखी मदत माग, म्हणजे ५(५) प्रमाणे जो फाईल अडवतो तोच माहिती अधिकारी धरला जातो. हे पत्र गेलं की फाईल संध्याकाळपर्यंत येते, अनुभव आहे.

मग खरं काम सुरू होतं, ते म्हणजे पान न् पान वाचणं. ह्याला शॉर्टकट नाही. दोनशे पानांची चौकशीची नस्ती असेल तर दोनशे पानं वाचायची आणि प्रत्येक पानावर एकच प्रश्न विचारायचा, हे बाहेर गेलं तर नेमकं कुणाला काय होईल. उत्तर "साहेबांना अडचण होईल" असं आलं तर ते पान जातं. कायद्यात तसा अपवादच नाहीये.

पेठेतला_अर्जदार

मॅडम राग मानू नका पण आम्हा अर्जदारांना वाटतं की ही नकाराची उत्तरं तुमच्यासारखे वकीलच लिहून देतात. आमच्या गल्लीतला रस्ता काँक्रीटचा केला, वर्षाच्या आत चिरा गेल्या. मी मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि ठेकेदाराला दिलेली बिलं मागितली, उत्तर काय आलं तर "सदर माहिती त्रयस्थ पक्षाची वैयक्तिक माहिती असल्याने देता येत नाही." एक ओळ, खाली सही पण वाचता येत नाही. पैसे आमच्या कराचे, रस्ता आमच्या दारातला, आणि माहिती ठेकेदाराची वैयक्तिक?

शनवारकरीण

राग कसला, तुमचा राग रास्त आहे आणि असं एका ओळीचं उत्तर माझ्याकडे आलं असतं तर मी ते परत पाठवलं असतं. पहिलं अपील लगेच करा, उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत, जोडपत्र ब (अपिलाचा ठरलेला नमुना), २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. त्यात हे मुद्दे घ्या, तुमच्या शब्दांत लिहा.

नाकारताना कारणं द्यावी लागतात आणि अपील कुणाकडे, किती दिवसांत हे सांगावं लागतं, कलम ७(८). नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी माहिती अधिकाऱ्यावर आहे, तुमच्यावर नाही, कलम १९(५). ठेकेदार कंपनी किंवा फर्म असेल तर तिचा खासगीपणा कसला, डेटा संरक्षण कायदासुद्धा माणसाच्या डेटाचं रक्षण करतो, कंपनीच्या नाही. धंद्याचं गुपित असेल तर त्याला ८(१)(डी) हा वेगळा अपवाद आहे पण झालेल्या कामाची लांबी रुंदी जाडी हे कुणाचं गुपित असणार? आणि कलम ११ ची नोटीस दिली होती का ते विचारा. ठेकेदाराने हरकत घेतली तरी ती फक्त विचारात घ्यायची असते, त्याला नकाराधिकार दिलेला नाही. बिलावर बँक खातं, पॅन असेल तर ते कलम १० खाली झाकून बाकीचं पान द्यावंच लागतं.

अजून एक, फार थोडे लोक वापरतात. कलम २(जे) मध्ये माहितीचा अधिकार म्हणजे नुसत्या प्रती नाहीत, कामाची प्रत्यक्ष पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणंसुद्धा त्यात आहे. रस्त्याच्या काँक्रीटचा नमुना मागा.

बार_रूम_३

मॅडम, मुद्देसूद लिहिताय. पण कायद्याच्या विद्यार्थ्याच्या नजरेने एक अडचण मांडतो. कलम ८ ची सुरुवातच "या अधिनियमात काहीही अंतर्भूत असले तरी" अशी आहे. म्हणजे कलम ४ खाली जे स्वतःहून प्रसिद्ध करायचंय, अधिकाऱ्यांचे पगार, सवलती आणि परवाने मिळालेल्यांची नावं, अनुदानाचे लाभार्थी, त्या सगळ्यावर आता नवं ८(१)(जे) भारी पडतं असं कुणी म्हटलं तर? कायद्याच्या शब्दात ते बसतं. ८(२) पण "देता येईल" म्हणतं, "द्यावी" म्हणत नाही.

शनवारकरीण

बार_रूम सर, हा आक्षेप खरा आहे आणि टाळून चालणार नाही. माझं उत्तर असं. डेटा संरक्षण कायद्याचं कलम ३(सी) वाचा, दुसऱ्या एखाद्या कायद्याच्या बंधनामुळे जो वैयक्तिक डेटा जाहीर करावा लागतो किंवा केलेला आहे त्याला तो कायदा लागूच होत नाही. आरटीआयचं ४(१)(ब) हे तसंच बंधन आहे, १७ बाबींचं, त्यातली दहावी बाब प्रत्येक अधिकारी कर्मचाऱ्याचा मासिक पगार. संसदेने २०२३ मध्ये ८(१)(जे) बदललं पण ४(१)(ब) ला हात लावला नाही. जे वेबसाईटवर टाकायलाच हवं ते अर्ज केल्यावर नाकारायचं, हे एकाच कायद्यात एकमेकांच्या विरुद्ध वाचल्यासारखं होईल, आणि कलमं जुळवून वाचायची असतात हे आपण पहिल्या वर्षापासून शिकतो. "देता येईल" बद्दल म्हणाल तर सत्ता हातात दिली की ती वापरायची का नाही ह्याचा विचार करणं हे कर्तव्य होतं. विचारच न करता नाकारलं तर अपिलात टिकू नये.

पण हेही मान्य करते की पूर्वीच्या निकालांचा पाया सरकलाय. पुण्यातलंच उदाहरण बघा ना. पुणे जिल्हा न्यायालयाच्या २०१८ च्या कनिष्ठ लिपिक भरतीत एका उमेदवाराने स्वतःचे आणि निवड झालेल्यांचे गुण मागितले, लेखी, टायपिंग, मुलाखत सगळं. नकार मिळाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की सार्वजनिक भरतीतले गुण द्या, त्यात खासगीपणावर विनाकारण आक्रमण होत नाही, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो निकाल तसाच ठेवला. किती चांगला निकाल! पण तो जुन्या ८(१)(जे) च्या शब्दांवर उभा आहे, ते परंतुकही आता नाही. आज तोच अर्ज आला तर मी त्या निकालातलं पारदर्शकतेचं सगळं विवेचन उचलून ८(२) खाली मांडेन. भरती स्वच्छ झाली का हे कळण्यात जनहित आहे, आणि निवड झालेल्याचे गुण कळल्याने त्याचं नुकसान काय, तर काहीच नाही.

निवृत्त_अव्वलकारकून

सगळे अर्जदाराच्या बाजूने बोलतायत म्हणून दुसरी बाजू लिहितो. मी तीस वर्षांच्या वर महसुलात काढली. शंभरातले पाच अर्ज कसे असतात ते पण सांगा. एका बाईंची बदली झाली आमच्याकडे, तर तिच्या आधीच्या गावचा एक जण दर महिन्याला अर्ज टाकायचा. तिचा घरचा पत्ता, रजेचे अर्ज, रजेला जोडलेलं डॉक्टरांचं सर्टिफिकेट, वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय, सगळं मागायचा. कारण विचारता येत नाही ना, ६(२). ती बाई ऑफिसात रडायची. सातबारा सगळ्या जगाने बघावा माझी काही हरकत नाही, पण बाईच्या आजारपणाचे कागद तिऱ्हाइताच्या हातात का जावेत?

शनवारकरीण

काका, बरं झालं लिहिलंत. ह्या बाबतीत मी शंभर टक्के तुमच्याबरोबर आहे आणि म्हणूनच मला हे काम महत्त्वाचं वाटतं. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, तो हक्क सरकारी नोकरी लागली म्हणून संपत नाही. रजा मंजूर कुणी केली, किती दिवस, नियमात बसते का, हे जनतेचं. आजार कोणता, हे तिचं. हे कागद जुन्या कलमाखालीही रोखता येत होते, त्यासाठी कायदा बदलायची गरज नव्हती. आणि लैंगिक छळाच्या तक्रारीत तर २०१३ च्या कायद्याचं कलम १६ सरळ सांगतं की माहिती अधिकारात काहीही असलं तरी तक्रारीतला मजकूर, तक्रारदार, ज्याच्यावर आरोप आहे तो, साक्षीदार, कुणाची ओळख आणि चौकशीचा तपशील बाहेर जाणार नाही. न्याय मिळाला का, एवढं ओळख न उघड करता सांगता येतं.

एक प्रकरण सविस्तर लिहिते, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. एका वसतिगृहातल्या मुलींनी मेसच्या ठेकेदाराविरुद्ध हाताने लिहून तक्रार दिली, खाली नावं, खोली नंबर, सह्या. नंतर एकाने तक्रार, चौकशी अहवाल आणि कारवाई अशी सगळी नस्ती मागितली. माहिती अधिकाऱ्याचं म्हणणं, सगळं वैयक्तिक, नाकारा. अपिलीय अधिकाऱ्याचं म्हणणं, सगळं द्या, लपवायचंय काय. दोन्ही चूक. अर्ज कुणाचा आहे हे बघायचं नसतं पण कागद कुणाच्याही हातात पडू शकतो हे गृहीत धरायचं असतं, म्हणजे ठेकेदाराच्या माणसाच्या हातातही. नावं खोडली तरी हस्ताक्षर राहतं, आणि वसतिगृहात हस्ताक्षर ओळखणं अवघड नाही. कलम २(जे) मध्ये उतारे घेण्याचा हक्क आहे, तर तक्रारीतला मजकूर जसाच्या तसा टाईप करून प्रमाणित उतारा दिला, आळ्या सापडल्याच्या तारखा, दूध किती पातळ, सगळं. मूळ कागदाची प्रत ८(१)(जी) खाली रोखली, कारण माहिती पुरवणाऱ्याची ओळख उघड होऊन तिच्या सुरक्षिततेला धोका हा तिथला अपवाद आहे आणि तो इथे नेमका बसतो. चौकशी अहवाल पूर्ण दिला, मुलींचे जबाब "विद्यार्थिनी १, विद्यार्थिनी २" करून. ठेकेदाराचं नाव, त्याला लावलेला दंड, बिलातून कापलेली रक्कम, अधिकाऱ्यांची नावं, कशालाच हात लावला नाही. आणि कलम १०(२) प्रमाणे पत्रात लिहिलं की काय झाकलं, कुठल्या कलमाखाली, कुणी ठरवलं.

काळं करायचं तंत्र पण सांगते कारण इथे रोज गडबड होते. मूळ कागदाला पेन लावायचाच नाही. झेरॉक्स काढा, तिच्यावर जाड काळ्या मार्करने झाका, मग त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढून ती द्या. पहिलीच दिली तर उजेडात धरली की अक्षरं दिसतात. पीडीएफवर नुसता काळा चौकोन टाकला तर खालचा मजकूर कॉपी करून वाचता येतो, म्हणून प्रिंट काढून झाका आणि पुन्हा स्कॅन करा.

परदेशी_पुणेकर

अमेरिकेत फेडरल खात्यांमध्ये ह्याच कामाचे पूर्ण वेळ वकील असतात. तिथला माहितीचा कायदा ४ जुलै १९६६ चा, ९ अपवाद, उत्तराची मुदत २० कामाचे दिवस, आणि खासगीपणाचा वेगळा कायदा १९७४ चा. त्यांचा सहावा अपवाद आपल्या जुन्या ८(१)(जे) सारखाच वाचला जातो, खासगीपणावर उघड उघड विनाकारण आक्रमण होत असेल तरच रोखायचं, म्हणजे तोलणं आलंच. २०१६ च्या दुरुस्तीने अजून एक घातलं, नुसतं अपवादात बसतं म्हणून भागत नाही, दिल्याने नुकसान होईल हे आधीच दिसत असेल तरच रोखायचं. शनवारकरीण ताई प्रत्येक पानावर जो प्रश्न विचारतात तोच तिथे कायद्यात लिहिलाय.

शनवारकरीण

वा, ही २०१६ ची दुरुस्ती फार महत्त्वाची. आपल्याकडे ८(२) मध्ये "नुकसान" हा शब्द आहेच, नुकसान काय ते लिहिल्याशिवाय तोलणार कसं? अभिप्राय लिहिताना मी ते वेगळ्या परिच्छेदात लिहिते.

सोनचाफा

विषय थोडा वेगळा पण विचारते. पोटगीचा दावा चालू आहे, नवरा सरकारी नोकरीत, पगार कमी सांगतोय. माहिती अधिकारात पे स्लिप मागितली तर वैयक्तिक म्हणून नाकारली.

शनवारकरीण

ताई, मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये पोटगीच्या वादात पगाराची माहिती नुसती वैयक्तिक राहत नाही असं म्हटलंय, ते जुन्या कलमावर असलं तरी अपिलात दाखवा. महिन्याचा पगार ४(१)(ब) प्रमाणे जाहीर असायलाच हवा, कार्यालयाच्या वेबसाईटवर बघा, नसेल तर तेवढंच मागा, कपातीचा तपशील सोडून द्या. पण अपिलाची वाट बघत बसू नका. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही मालमत्ता आणि उत्पन्नाचं शपथपत्र द्यायचं असं ठरवून दिलंय, तुमच्या वकिलांना ते मागायला सांगा, आणि कोर्टाकडून थेट कार्यालयाला पगारपत्रक हजर करायचा आदेश घ्या. तो मार्ग जास्त लवकर जातो.

नव_सनद

ताई मला खरंच हे करायचंय. कसं यायचं ह्यात?

शनवारकरीण

बऱ्याच कार्यालयांत विधी अधिकाऱ्याची जागा ११ महिन्यांच्या कंत्राटावर असते, जाहिरात त्या त्या कार्यालयाच्या वेबसाईटवर येते, मराठी ड्राफ्टिंग चांगलं हवं. पगार कोर्टातल्या चालत्या प्रॅक्टिसएवढा नाही आणि मुदतवाढीची टांगती तलवार असते, हे आधीच सांगते. महापालिकांचे स्वतःचे विधी विभाग आणि पॅनेल असतात. जिल्हा आणि सहायक सरकारी वकिलांच्या नेमणुका विधी व न्याय विभागाकडून होतात.

तोवर दोन गोष्टी कर. बाणेर रोडच्या यशदामध्ये (सरकारी अधिकाऱ्यांची प्रशिक्षण संस्था) माहिती अधिकाराचं प्रशिक्षण होतं त्याची चौकशी कर. आणि एखाद्या कार्यालयात पाहणीचा अर्ज देऊन एखादी फाईल बघून ये. सोमवारी दुपारी ३ ते ५ महापालिकेत फाईल बघू द्यायची पद्धत पुण्यातल्या कार्यकर्त्यांनी लावून धरली म्हणून सुरू झाली होती, पुढे २०१८ मध्ये शासनाने राज्यभरातल्या जिल्हा कार्यालयांना आणि स्थानिक संस्थांना लागू केली. ह्याच जिल्ह्यात तळेगावला सतीश शेट्टींचा १३ जानेवारी २०१० ला खून झाला, जमिनीचे व्यवहार माहिती अधिकारातून बाहेर काढत होते ते. नकाराचा अभिप्राय लिहिताना मला त्यांची आठवण येते, आणि त्या रडणाऱ्या बाईंसारख्यांचीही येते.

पेठेतला_अर्जदार

मॅडम, अपील टाकलं, सुनावणीची नोटीस आली. माझ्याबरोबर शेजारचे निवृत्त इंजिनियर आले तर चालेल का? मोजमाप पुस्तिका त्यांना वाचता येते.

शनवारकरीण

चालेल, प्रतिनिधी म्हणून नेता येतं, साध्या कागदावर तसं लिहून सही करून द्या. सुनावणीत पुस्तिकेची आधी पाहणी मागा, पहिला तास फुकट असतो. इंजिनियर काकांना सांगा की जाडीच्या नोंदींची पानं बघून पान नंबर टिपून घ्यायचे, मग प्रती तेवढ्याच मागायच्या. आदेशाची प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नका, आणि नाहीच मिळाली माहिती तर ९० दिवसांच्या आत दुसरं अपील आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे, मसुदा इथे टाका, वाचून देते.